दोन खुरांचं दूध

चौथ्या खेपेलाही पडदा काळाच आला. थोडाथोडका काळा नाही, तव्याच्या बुडासारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेणूला हवी होती एक बारीक रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि मिळालं ते हे. तिने प्रयोगशाळेतल्या फोटोच्या यंत्राचं झाकण उघडलं, चिमट्याने पडदा सारखा केला, पुन्हा फोटो काढला. यंत्राला काही कोणाची दया येत नाही. पुन्हा काळाच.

रेणू तांबडवाडीची. कमलनगरहून जीपने अर्धा तास. घर मेंढरांचं, बाप गुंडाप्पा वर्षातले सहा महिने कळपामागे फिरणारा, आई बाणूबाई उरलेलं सगळं सांभाळणारी. या घरातली मुलगी कलबुर्गीच्या एका संशोधन केंद्रात पीएच.डी.पर्यंत पोचली ती हुशारीने पोचली असं गावात म्हणतात. खरं सांगायचं तर हट्टाने पोचली. हुशार पोरी तांबडवाडीत आणखीही होत्या.

आणि चार वर्षांपूर्वी इथे आल्यावर तिने विषय कोणता धरला, तर गावाकडची काळी तूर. कलबुर्गीत तुरीवर काम करणाऱ्यांना तोटा नाही, पण तांबडवाडीची काळी तूर कोणाच्या यादीत नव्हती. बेचाळीस अंशांच्या उन्हात इतर तुरींची रोपं माना टाकतात, ही उभी राहते. का राहते? पेशीत प्रथिनं घडवण्याचं काम रात्रंदिवस चालू असतं, आणि त्या कामावर कच्चा माल हातोहात पोचवणारा एक गडी असतो. त्याचं नाव ईएफ-टीयू. प्रयोगशाळेत सगळे नुसतं टीयू म्हणत. ऊन चढलं की इतर तुरींत हा गडी गळपटतो, काळ्या तुरीत मात्र त्याची संख्या वाढते, असं रेणूचं म्हणणं होतं. जनुकाकडून तशी आज्ञा सुटते, एवढं तिने दाखवूनही दिलं होतं. पण समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा पुसत विचारलं होतं, "पत्रिका छापली म्हणजे लग्न लागलं का? नवरदेव दाखवा. प्रथिन कुठे आहे?"

ते दाखवायचं तर अँटिबॉडी हवी. रोपाच्या रसातली हजारो प्रथिनं एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायची, आणि त्यांतल्या फक्त टीयूला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी वर सोडायची. ही बनते जनावराच्या अंगात. टीयू टोचलं की जनावराचं रक्त त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, तीच काढून घेतात. पण ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मागोमाग दुसरी अँटिबॉडी सोडायची, जी पहिलीला ओळखून तिच्यावर बसते आणि आपल्यासोबतच्या रसायनाने उजेड पाडते. तो उजेड यंत्राच्या फोटोत काळा उमटतो. रेणूची पहिली अँटिबॉडी शेळीत बनवलेली होती, आणि शेळीच्या अँटिबॉडीला ओळखणारी दुसरी गाढवात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बाणूबाई पदर तोंडाला लावून हसली होती. एवढं शिकून अखेर पोरगी शेळ्या-गाढवांतच, असं म्हणाली होती.

पहिलीची कुपी परदेशातून यायला पाच महिने लागले होते. करंगळीच्या पेरापेक्षा छोटी कुपी, आणि चार पडदे काळे करून झाल्यावर तीत उरला होता एका पडद्यापुरता थेंब.

"नोडम्मा, हे बघ," डॉ. पंचाक्षरी म्हणाले. ते रेणूचे मार्गदर्शक. बसवकल्याणचे, कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच ठसक्यात बोलणारे. "अँटिबॉडी खराब आहे. वाटेत बर्फ वितळला असेल. कंपनीला परत पाठवू, तक्रार करू. शुक्रवारी समिती बसतेय. चौथं प्रकरण गाळ. बाकीच्या तीन प्रकरणांवर पदवी मिळते."

"चौथं गाळलं तर उरतं काय, सर? तूर उन्हात टिकते, एवढंच. ते तर आमच्या गावात शेळ्या राखणाऱ्याला पण ठाऊक आहे."

"हट्ट करू नको."

"एक पडदा होईल एवढी उरलीय, सर."

"चार काळे झाले. पाचवा पांढरा होईल?" सरांनी धम्मानंदकडे वळून सांगितलं, "सोमवारी अकराला कुरियरवाला येतो. कुपी बर्फात घालून त्याला दे."

धम्मानंद प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना संशोधक, औरादचा. त्याने मान हलवली. सर गेल्यावर तो रेणूपाशी येऊन टेबलाला टेकला.

"दूध किती टक्के घातलीस या बारीला?"

"दहा."

"अन् आधी?"

"पाच. मग सात, मग आठ. वाढवतच नेलं दादा. तरी काळं."

इथे दुधाचं सांगायला हवं. पडद्यावर प्रथिनं नसलेली रिकामी जागा तशीच सोडली तर अँटिबॉडी तिथेही चिकटते आणि सगळं काळं होतं. म्हणून आधी पडदा दुधाच्या पावडरीच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात. दुधातली प्रथिनं रिकाम्या जागा बुजवतात. पंचाक्षरी सरांच्या प्रयोगशाळेत फ्रिजवरच्या भिंतीला प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागदच होता: पडदा दुधात बुडवावा, पाच टक्के, एक तास. खाली सरांची सही. ती सही पंधरा वर्षांची होती आणि पंधरा वर्षांत तिच्यावर कोणी शंका घेतली नव्हती. घेण्याचं कारणही नव्हतं. आजवरच्या सगळ्या अँटिबॉडी सशात बनवलेल्या होत्या आणि दूध त्यांच्याशी गुण्यागोविंदाने नांदलं होतं. पडदा काळा आला की दूध वाढवायचं, हा सगळ्यांच्या तोंडचा उपाय. रेणूनेही वाढवलं. हट्टी माणसाचं हेच असतं. वाट चुकली तरी पाय जोरातच टाकतो.

"घरी जाऊन ये एक दिवस," धम्मानंद म्हणाला. "इथं बसून त्या काळ्याकडं बगत राहशील तर येडी होशील."

ती जाणार नव्हती. पण त्या शनिवारी संध्याकाळीच बाणूबाईचा फोन आला. गुंडाप्पा कळप घेऊन तेलंगणाकडे गेलेला. घरी विण्याला आलेल्या दोन-तीन मेंढ्या तेवढ्या ठेवलेल्या. त्यांतली भुरी कोकरू मागे टाकून मेली. "तू येऊ नकोस," बाणूबाई म्हणाली, "मी बगते." आईच्या 'येऊ नकोस'चा अर्थ कोणत्या लेकीला कळत नाही? रविवारी पहाटेची गाडी धरून, हुमनाबाद, भालकी करत रेणू दुपारच्या आत तांबडवाडीला पोचली.

अंगणात चिंचेखाली बाणूबाई मांडी घालून बसली होती. मांडीवर गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं कोकरू; चारही पाय दोरीसारखे लोंबणारे.

"तोंड कामून असं केलीस?" तिने लेकीकडे न बघताच विचारलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हणं. तोंडावर शाई सांडल्यावानी दिसायलीस. ह्येनं रातची बाटली घेतलीच न्हाई. जा, फ्रिजातून दुसरी आण. वरच्या खणात बर्फाजवळ ठेवलीय."

रेणूने बाटली आणली. आत पिवळसर, घट्ट, गोठलेलं. ती काय आहे हे तिला विचारावं लागलं नाही. तांबडवाडीत गाय कोणाचीही व्यायली तरी पहिल्या दिवसाच्या चिकाची एक बाटली मेंढरंवाल्यांच्या घरी पोचते. खरवस नंतर, आधी ही बाटली. बदल्यात उन्हाळ्यात मेंढरं त्या घरच्या रानात बसतात, लेंडीखताने रान काळंभोर होतं. कोणी हे लिहून ठेवलेलं नाही आणि कोणी मोडतही नाही. ही बाटली शेजारच्या विलासच्या गाईची होती. मागच्याच आठवड्यात त्याची आई विमलबाई देऊन गेली होती.

बाणूबाईने बाटली कोमट पाण्यात धरली. "घाई करून उकळत्यात धरली की फाटतो. मग त्यात राम न्हाई राहत." चीक पातळ झाल्यावर तिने बाटलीच्या तोंडाला रबरी बोंड लावलं आणि कोकराचा जबडा दोन बोटांनी उघडला. कोकराने तोंड फिरवलं. तिने परत लावलं. परत फिरवलं.

"न्हाई घेत ते," रेणू म्हणाली.

"घेईल. मला कुठं जायचंय?"

सातव्या-आठव्या वेळेला कोकराच्या गळ्याशी हालचाल झाली. एक घोट. मग दुसरा. रेणू बघत बसली. एम.एस्सी.च्या मुलांना तीच तर शिकवते हे: नुकत्याच जन्मलेल्या अशा पिल्लाच्या रक्तात अँटिबॉडी नसतात, आईच्या चिकातून येतात, पहिल्या दिवसात मिळाल्या तर मिळाल्या. फळ्यावर चित्र काढून शिकवते. आणि आई इथे मांडीवर घेऊन तेच करत होती.

"शेळीचा चीक असता तर बरं झालं असतं," बाणूबाई म्हणाली. "पर शेळीला येळ हाय. गाईचा बी चालतो."

"मेंढीच्या पिल्लाला गाईचा कसा काय चालतो गं माय?" रेणूने उगीचच विचारलं. उत्तराची तिला गरज नव्हती. लहानपणापासून बघत आली होती.

"न चालायला काय झालं? गाय, म्हैस, शेळी, मेंढी, समदी एका गोताची. दोन खुरांची, रवंथ करणारी. एकीचं दुसरीला लागू पडतंय. एका खुराच्याचं न्हाई लागत. तुज्या आज्यानं एकदा गाढविणीचा चीक देऊन बगितला होता. कोकरू चार दिसांत गेलं. गाढवाचं रगत निराळं, ह्येंचं निराळं. गाढवाला काय कळतंय, शेळी कोंची अन् गाय कोंची? त्याला समदी दोन खुरांची सारखीच."

रेणूचा हात कोकराच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

"काय म्हणालीस?"

"कोकरू गेलं म्हणाले."

"त्याच्या म्होरं."

"गाढवाला समदी सारखीच म्हणाले. कामून? काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. चुकलं होतं ते कलबुर्गीत. गाढवात बनवलेली दुसरी अँटिबॉडी शेळीच्या अँटिबॉडीला शोधत पडद्यावर येते. आणि पडदा कशात बुडवलेला? दुधात. दूध कोणाचं? गाईचं. त्या दुधात गाईच्या अँटिबॉडी आहेतच, थोड्या का होईना. शेळी आणि गाय एका गोताच्या. गाढवाला काय कळणार? ते पडदाभर बसलेल्या गाईलाच शेळी समजून जिथे तिथे चिकटत होतं आणि उजेड पाडत होतं. रेणू जेवढं दूध वाढवत गेली तेवढी गाय वाढत गेली, आणि तेवढा पडदा काळा होत गेला. पहिली अँटिबॉडी बिचारी निर्दोष होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि वळसा घातला कोणी, तर मेंढपाळाच्या मुलीने! रेणूला आधी स्वतःची लाज वाटली, मग एवढा आनंद झाला की तिने आईचा दंड गच्च धरला.

"अगं बाटली सांडंल!"

"माय, दूध नको तर मग काय घालावं? दोन खुरांचं नसलेलं?"

"कशात घालायलीस?"

"माज्या कामात. रिकामी जागा भरायची. दुधासारखंच काहीतरी पाहिजे, चिकट, पर गाई-म्हशीचं नको."

बाणूबाईने लेकीकडे पाहिलं. हिला उन्हाची भोवळ आली की काय, असं तिच्या तोंडावर होतं. मग अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे हनुवटी उडवत ती म्हणाली, "अंडं घाल. कोंबडीला कुठं खूर असतात?"

रेणू उठून पळाली ती पाण्याच्या टाकीवर. तांबडवाडीत फोन नीट लागतो तो तिथेच.

"धम्मादादा, उद्या ती कुपी पाठवू नकोस."

"अगं सर म्हणाले..."

"सर म्हणाले ते ऐकलंय मी. कुपी बरी हाय दादा. दूध खोटं हाय." तिने भराभर सगळं सांगितलं.

"हे तुला कोण सांगितलं?"

"मायनं."

धम्मानंद हसला नाही, हे त्याचं चांगलं. "कुरियरवाला अकराला येतो," तो म्हणाला. "मी सरांना लपवून काय करणार न्हाई. पर मी त्याला बुधवारी ये म्हणून सांगतो, आणि तसं केलं म्हणून सरांना बी सांगतो. तू अकराच्या आत ये. भांडायचं ते तू भांड."

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी रेणू पंचाक्षरी सरांच्या खोलीत उभी होती. चपलांवर अजून तांबडवाडीची माती होती.

"तीस वर्षं मी दूध वापरतोय," सर म्हणाले. आवाज चढलेला होता. "जगभर वापरतात. आता दूध वाईट?"

"दूध वाईट नाही, सर. सशाच्या अँटिबॉडीला चांगलं आहे. शेळीच्या अँटिबॉडीला नाही. आपल्याकडे शेळीची पहिल्यांदाच आलीय."

"आणि हे सिद्ध कसं करणार? शेवटचा थेंब उधळून?"

"थेंबाला हात लावणार नाही." हे तिने बसमध्ये हुमनाबादपासून घोकत आणलं होतं. "दोन पडदे घेते. दोन्हीवर शेळीची अँटिबॉडी टाकतच नाही. नुसती गाढवाची दुसरी टाकते, ती आपल्याकडे भरपूर आहे. एक पडदा दुधात बुडवते, एक अंड्याच्या पांढऱ्याच्या भुकटीच्या पाण्यात, तिची एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची बाटली कपाटात पडून आहे. शेळी नाहीच म्हटल्यावर दोन्ही पडदे कोरे यायला हवेत. दुधाचा काळा आला तर तो काळा शेळीमुळे नाही, दुधामुळे. नाही आला, तर बुधवारी मी स्वतः कुपी बर्फात घालून देते. चौथं प्रकरणही गाळते."

ते शेवटचं वाक्य तिने घोकलं नव्हतं. तोंडातून गेलं खरं. चार वर्षं होती ती.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. अकरा वाजले. कुरियरवाल्याची गाडी फाटकाशी आली नाही; त्याला थांबवल्याचं धम्मानंदने सरांना सांगून ठेवलं होतं.

"कर," ते म्हणाले.

मंगळवारी दुपारी तीन वाजता दोन्ही पडदे शेजारी शेजारी यंत्रात ठेवले गेले. धम्मानंद होता, रेणू होती, आणि बोलावलं नसताना पंचाक्षरी सरही येऊन मागे उभे राहिले होते. फोटो उमटायला दोन मिनिटं लागतात. रेणूने ती दोन मिनिटं नख कुरतडत काढली.

डावा पडदा, दुधाचा: तव्याच्या बुडासारखा. उजवा, अंड्याचा: कोरा, पांढराशुभ्र, धुतलेल्या धोतरासारखा.

सरांनी चष्मा काढला, परत घातला, पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"शेळी घातलीच नव्हती ना?"

"न्हाई, सर," धम्मानंद म्हणाला. "मी सोबत होतो."

"मग ही तपासणी आपण आधी का नाही केली?" सर म्हणाले. 'आपण' म्हणाले, 'तू' नाही. एवढ्या एका शब्दासाठी मी या माणसाचा पंधरा वर्षांचा कागद माफ करायला तयार आहे.

गुरुवारी शेवटचा थेंब. कुपी बर्फातून काढताना रेणूचे हात स्थिर होते. भीती असते ती ठरेपर्यंत, ठरल्यावर काम असतं. पडद्यावर शेजारी शेजारी उतरवलेले चार रस: साधी तूर सावलीतली, साधी तूर उन्हातली, काळी तूर सावलीतली, काळी तूर उन्हातली. पडदा अंड्याच्या पाण्यात हलत ठेवलेला असताना तासभर करण्यासारखं काही नव्हतं. तिने घरी फोन लावला.

"कोकरू कसंय?"

"काल उभं राहिलं, पडलं. आज परत उभं राहिलंय. बाटली दिसली की पळत यायलंय. तुजं काय?"

"आज कळंल."

"मग फोन कामून करायलीस? काम कर."

संध्याकाळी पाचला फोटो उमटला. पांढऱ्या पडद्यावर रेघा, फक्त रेघा, टीयूच्या नेमक्या उंचीवर. साध्या तुरीची सावलीतली रेघ ठळक, उन्हातली पुसट. काळ्या तुरीची सावलीतली बेताची, आणि उन्हातली, रेणूने डोळे मिटून परत उघडले, सगळ्यांत जाड. नवरदेव मांडवात उभा होता. रेणूला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, आणि धम्मानंदने पाठ फिरवून उगीच बाटल्या मोजल्या.

शुक्रवारी समितीसमोर म्हाताऱ्या प्राध्यापकांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "लागलं म्हणायचं लग्न," ते म्हणाले. मग पद्धतीचं पान उलटून, "दुधाऐवजी अंडं? हे कोणाच्या सांगण्यावरून?"

रेणू उत्तर द्यायच्या आत पंचाक्षरी सर बोलले. "तिच्या आईच्या. मेंढरं सांभाळतात त्या. आम्ही दोघं चुकत होतो, त्या बरोबर होत्या." असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि सगळा पिऊन टाकला. सोपं नव्हतं ते त्यांना.

चौथं प्रकरण राहिलं.

दुपारी सर प्रयोगशाळेत आले, फ्रिजवरचा कागद भिंतीवरून ओढून काढला आणि कोरा कागद रेणूपुढे ठेवला. "तूच लिही. आणि ज्याचा नियम त्याची सही, ही इथली पद्धत आहे." रेणूने लिहिलं: पहिली अँटिबॉडी कोणत्या जनावराची ते आधी पाहावं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी एका गोताची, एकीचं दुसरीला लागू पडतं. दोन खुरांच्या जनावराची असेल तर पडदा दुधात बुडवू नये, अंड्याच्या पांढऱ्यात बुडवावा. मग थोडी थांबली, आणि खाली लिहिलं: बाणूबाई गुंडाप्पा, तांबडवाडी. कागद चिकटवून तिने त्याचा फोटो काढला आणि घरी फोन लावला.

"माय, तुजं नाव भिंतीवर लावलंय इथं."

"माजं? भिंतीवर?" बाणूबाई केवढ्याने तरी ओरडली. "कामून? मी मेले का काय?"

हसू आवरल्यावर रेणूने तिला सगळं सांगितलं. रेघा, समिती, सर काय म्हणाले ते. मग कागदावरचं शब्द न् शब्द वाचून दाखवलं. पलीकडून कोकराचं बारीक बें-बें ऐकू येत होतं.

"त्यात चिकाचं न्हाई लिवलीस," बाणूबाई शेवटी म्हणाली.

"चिकाचं इथं काय काम?"

"काम कसं न्हाई? वाचणारं लेकरू उद्या गावी जाईल, कोकराला चवथ्या दिसाचं दूध पाजवंल, अन् म्हणंल, बाणूबाईनं सांगितलं होतं गाईचं चालतंय. कोकरू मेलं तर नाव माजं जाईल. माजं नाव लावायलीस ना? मग पुरं लिव. गाईचा चालतो, पर पयल्या दिसाचाच. तुज्या त्या कामाला अंडं, कोकराला चीक. अर्धं सांगून लोकाला फसवू नये."

रेणूने फोन कानाला तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हाताने पेन शोधलं, आणि फ्रिजवरचा कागद पुन्हा खाली उतरवला.